भोंग्यावरचे अकरा सेकंद

चिंग-प्याओची वाचा गेली, अशी कुजबूज आमच्या नानपू वस्तीत ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात उठली. दुपारच्या जेवणापर्यंत ती पाचही गल्ल्या हिंडून देवळापुढच्या वडाखाली परत आली, तेव्हा ओळखू येईना इतकी बाळसेदार झाली होती. सकाळी नुसतीच वाचा गेलेली. दुपारी अर्धांगवायू. संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येईपर्यंत असं पक्कं ठरलं होतं की, बायकोने त्याला मागच्या खोलीत निजवून ठेवलाय, तोंड डावीकडे वाकडं झालंय, आणि भोंग्यावर बोलतं ते त्याच्या आवाजाचं यंत्र आहे. निवडणूक होईतो ती हे असंच रेटून नेणार.

यात मी काहीच भर घातली नाही असं म्हणवत नाही. तोंड डावीकडे, हे माझं.

च्येन चिंग-प्याओ म्हणजे आमचा वस्तीप्रमुख. वय अडुसष्ट. वीस वर्षं त्या खुर्चीवर. त्याआधी अठरा वर्षं तो लहान ट्रकमधून मच्छरदाण्या आणि चटया विकायचा, ट्रकच्या टपावर भोंगा लावून. ट्रक गेला, मच्छरदाण्या गेल्या, भोंगा राहिला. प्रमुख झाल्यावर तर सरकारनेच त्याला नऊ भोंगे दिले, खांबाखांबावर. माइक घराच्या पुढच्या खोलीत. तो हातात आला की या माणसाच्या अंगात यायचं.

"नानपूच्या तमाम काका-काकू, मावश्या, दादा-वहिनींनो, मी तुमचा चिंग-प्याओ बोलतोय," इथून सुरुवात. मग हवा. मग हवेवरून गुडघेदुखी. गुडघेदुखीवरून त्याच्या आईचा लेप. एकदा कुणाची तरी काळी मांजर सापडली म्हणून हा सतरा मिनिटं बोलला. तेवढ्यात मांजर आपणहून घरी गेली, जेवली आणि झोपली.

त्याची बायको शिउ-लुआन. घराच्या ओसरीवर तिची न्याहारीची गाडी: मुळ्याच्या परतलेल्या वड्या, अंड्याचं धिरडं, सोयाचं गरम दूध. ती दिवसाकाठी चाळीस शब्द बोलते आणि त्यांतले तीस "तिखट घालू का?" यातच खर्च होतात. दोघांचं चाळीस वर्षं बरं चाललंय ते कदाचित याच हिशेबाने.

तर या वर्षी नोव्हेंबरात निवडणूक होती, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच चिंग-प्याओ बोटांवर मतं मोजायला लागला होता. समोर उभी होती वू पेइ-शान. एकतीस वर्षांची, ताइचुंग शहरातून परत आलेली, आमच्या वू सुताराची पुतणी. तिने फोनवर वस्तीचा ग्रुप काढला होता. रोज सकाळी तीन ओळी टाकायची. काय, कधी, कुठे. बस. लोक ते वाचायचे, अंगठ्याचं चित्र टाकायचे आणि कामाला लागायचे. मागच्या खेपेला चिंग-प्याओ एक्केचाळीस मतांनी आला होता, तोही समोरचा उमेदवार दारू पिऊन सभेला आला म्हणून. ही पोरगी चहासुद्धा बिनसाखरेचा पिते.

"प्रमुखपद गेलं तर मी काय करू?" तो वडाखाली आम्हाला विचारायचा. "माइक नेतील ना रे घरातून!"

"नेऊ देत," मी म्हटलं. "मांजरं तरी निर्धास्त हरवतील."

त्याने ठरवलं की पोरगी फोनवाली, तर आपण तिच्याहून पुढचं काहीतरी करायचं. त्याच सुमारास समाजमंदिरात ज्येष्ठांसाठी वर्ग सुरू झाला: 'एआयची सोपी साधनं, नवशिक्यांसाठी'. शिकवायला ल्याओ बाई. बँकेतून निवृत्त झालेल्या, फार शांत बाई. त्यांनी फळ्यावर एकोणीस साधनांची नावं लिहिली आणि म्हणाल्या, "सगळी घ्यायची नाहीत. आधी रोजचं एकच काम ठरवा. मग त्या कामाला दोन-तीन साधनं लावून बघा. जे जमेल ते ठेवा, बाकीची काढून टाका."

हे त्या म्हणाल्या तेव्हा चिंग-प्याओ शेजारच्या म्हातारीला आपल्या आईचा लेप सांगत होता. त्याच्या कानात पोचलं ते एवढंच: एकोणीस.

त्याने एकोणीसच्या एकोणीस फोनवर घेतली. फोन इतका तापला की शिउ-लुआनने त्यावर तवा ठेवायचा तेवढा बाकी राहिला. प्रत्येक साधन परवलीचा शब्द मागायचं. याने सगळ्यांना आपला वाढदिवस दिला, मग कोणाला उलटा दिला आणि कोणाला सुलटा हे विसरला. जी उघडली, त्या सगळ्यांना याने एकच प्रश्न टाकला: "तुमच्यात सगळ्यात चांगलं कोण?"

दुसऱ्या दिवशी तो वडाखाली आला तो फुलूनच.

"एक जण काय म्हणाला माहितेय? म्हणाला, 'च्येनसाहेब, फारच सुंदर प्रश्न विचारलात.'"

"मग उत्तर काय दिलं?"

"उत्तराचं राहू दे रे! चाळीस वर्षांत शिउ-लुआनने माझ्या एका तरी प्रश्नाला सुंदर म्हटलंय का?"

"तू तिला विचारतोस काय? मोजे कुठे आहेत, एवढंच!"

उत्तर असं होतं की, कुठलं चांगलं ते काम कोणतं आहे त्यावर अवलंबून आहे. एकजात सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. चिंग-प्याओचं म्हणणं, ही एकमेकांना सांभाळून घेतायत, सगळी एकाच कंपनीची दिसतात. आता निवाडा करणारा कोणी वरचा पाहिजे.

वरचा म्हणजे आमचा तूदीगोंग. या मातीचा देव, पांढऱ्या दाढीचा, प्रसन्न. नानपूत म्हशीच्या नावापासून लग्नाच्या तारखेपर्यंत सगळं त्याला विचारूनच होतं. लाकडाच्या दोन चंद्रकोरी असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. प्रश्न सांगायचा आणि दोन्ही जमिनीवर टाकायच्या. एकीची सपाट आणि एकीची फुगीर बाजू वर आली तर हो. दोन्ही फुगीर, तर नाही. दोन्हींची सपाट बाजू वर येऊन त्या डुलायला लागल्या, तर देव हसतोय. मोठ्या बाबतीत लागोपाठ तीनदा 'हो' लागतं.

चिंग-प्याओ शेंगदाण्याची चिक्की, संत्री आणि एकोणीस नावांचा कागद घेऊन सकाळी नऊला गुडघ्यावर बसला. पुजारी आ-हाई कागद बघून म्हणाला, "हे काय, मतदारयादी?"

"एआय आहेत. यातलं एक निवडायचंय."

"देवाला माहिती असतील का हे?"

"देवाला माहीत नसेल असं काय आहे?"

"तसं नव्हे. पण ओळख करून द्यावी लागेल ना एकेकाची."

आणि याने ती दिली! प्रत्येक साधनाचं नाव, त्याचं चित्र कोणत्या रंगाचं, फुकट की पैसे पडतात, सगळं देवाला सविस्तर. मागे रांग लागली. एका बाईला सुनेच्या बाळंतपणाचं विचारायचं होतं. ती म्हणाली, "काका, लवकर आवरा, नाहीतर मूल शाळेत जायला लागेल." पहिल्या आठ नावांना देव नुसता हसला. हसला म्हणजे काय, चंद्रकोरी अशा डुलत होत्या की रांगेतले लोकही हसायला लागले. मग सात नावांना ठाम नाही. एकाला दोनदा हो आणि तिसऱ्यांदा हसू, म्हणजे देवाने आशा लावून मोडली. साडेअकराला सतराव्या नावाला हो पडलं. पुन्हा हो. तिसऱ्यांदा कोर घरंगळत आ-हाईच्या चपलेला लागली, उलटली आणि हो झाली.

"चपलेचा धक्का धरायचा का?" कोणीतरी विचारलं.

"धरायचा," रांगेतले सगळे एका आवाजात म्हणाले. सगळ्यांना भूक लागली होती.

सतरावं साधन गाणी करणारं होतं. मजकूर द्यायचा, आपला आवाज ऐकवायचा, की ते त्याच आवाजात चाल लावून, ढोल-ताशे घालून गाणं काढून द्यायचं. चिंग-प्याओला रडूच आलं. देवाने आपल्याला ओळखलं, म्हणाला.

लगेच त्याला कामही मिळालं. आमच्याकडे चांद्र पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवमीला ज्येष्ठांचा मान असतो. देवळापुढे मांडव घालून बत्तीस टेबलांची पंगत, सगळी व्यवस्था वस्तीप्रमुखाची. आणि नेमकं त्याच दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत पाणी बंद राहणार, अशी नोटीस दोन दिवस आधी आली. पाणी भरून ठेवा, एवढंच सांगायचं. याने त्याचं गाणं केलं.

खरं सांगतो, गाणं झकास होतं. आधी पाऊण मिनिट नुसते ढोल. मग चिंग-प्याओचा आवाज, पण तरुण आणि सुरात:

"नानपूच्या नरनारींनो, ऐका माझी वाणी,
पंगत आहे नवमीला हो, या रे आनंदानी..."

देवळापुढे व्यायाम करणाऱ्या बायकांनी तर त्यावर पावलं बसवली. दुसऱ्या कडव्यात त्याने आपल्या वीस वर्षांच्या सेवेचं सांगितलं. तिसऱ्यात आईचा लेप. "सकाळी नळाला येणार नाही पाणी" हे चौथ्या कडव्यात होतं, आणि तिथवर बायका इतक्या रंगात आल्या होत्या की टाळ्यांत ते बुडून गेलं. दिवसातून सहादा गाणं वाजलं. सहाही वेळा आम्ही नाचलो. गाणं ऐकून एकानेही बादली भरली नाही.

नवमीला सकाळी सात वाजता लाई आचारी मांडवात दोन्ही हातांत मासे धरून उभा होता. अंगठ्याने तोटी फिरवली. तोटीने एक उसासा टाकला.

"प्रमुख!" लाई ओरडला. "पाणी?"

"चौथं कडवं नाही ऐकलंस?"

"बत्तीस टेबलं आहेत! कडव्यात भात शिजवू?"

मग पाणी आलं. गल्लीगल्लीतून बादल्या आल्या. ज्यांनी पेइ-शानच्या तीन ओळी वाचल्या होत्या, त्यांच्याकडे पिंपंच्या पिंपं भरलेली होती. ती स्वतः स्कूटरवर पुढे एक आणि मागे एक बादली लावून आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "प्रमुखकाका, कुठे ठेवू?"

शिवी दिली असती तर बरं, असं चिंग-प्याओ नंतर म्हणाला. पंगत झाली, मासा उत्तम होता, पण लोक उठताना तिला नमस्कार करून जात होते आणि याच्याकडे बघून गाणं गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी तो आ-हाईशी भांडायला देवळात गेला.

"देवाने फसवलं मला."

"तू विचारलं काय होतंस?"

"हे चांगलं आहे का?"

"मग चांगलंच आहे की. माझी सून तीन दिवस तेच गातेय." आ-हाईने उदबत्तीची राख झटकली. "लोक देवापुढे नाव सांगतात, पत्ता सांगतात, काम सांगतात. तू चित्राचा रंग सांगितलास. कशासाठी हवंय ते एकदा तरी सांगितलंस का? तो देव आहे बाबा, त्याच्या मागे आणखीही गावं आहेत."

चिंग-प्याओ घरी येऊन आडवा झाला. शिउ-लुआनने त्या दिवशी गाडी लवकर आवरली. हे मला ठाऊक आहे कारण माझी दुसरी वडी तव्यावर होती आणि तिने ती कच्चीच वाढली. हात पुसून तिने स्वतःचा फोन काढला आणि चिंग-प्याओच्या उशाशी बसली. मी दारातच होतो. वडी खात होतो, त्याला काय करणार?

"पुढची घोषणा कसली?"

"फ्लूच्या लशीची. पण मी आता कसली घोषणा..."

"बोल. नेहमीसारखं."

तो छताकडे बघत बावीस मिनिटं बोलला. दुःखातही बावीस. तिने ते सगळं फोनवर घेतलं, मग त्याच्या एकोणीसांतली लिहिणारी-वाचणारी तीन साधनं निवडून तोच मजकूर तिघांना दिला आणि सांगितलं: थोडक्यात करा, भोंग्यावर वाचायचंय, म्हाताऱ्यांना कळलं पाहिजे.

पहिल्याने झटक्यात चार ओळी काढल्या. फार सुबक. फक्त मंगळवारचा गुरुवार करून टाकला.

"हे गेलं," ती म्हणाली आणि बोटाने काढून टाकलं.

"एकाच चुकीला?"

"एकाच चुकीत चारशे म्हातारे बंद दारापुढे उभे राहतील."

दुसऱ्याने आरोग्य, उगवता सूर्य आणि कमळाची फुलं यांवर असं काही लिहिलं की ते चिंग-प्याओच्या भाषणापेक्षा लांब झालं.

चिंग-प्याओ उठून बसला. "हे ठेव!"

"तू घरात एक आहेस तेवढा पुरे," म्हणून तिने तेही काढलं.

तिसऱ्याने तीन ओळी दिल्या. मंगळवारी, समाजमंदिरात, फ्लूची लस. आरोग्यपत्रिका सोबत आणा. आणि खाली विचारलं होतं: वेळ कुठेही सांगितलेली नाही, किती वाजता?

शिउ-लुआनने नवऱ्याकडे बघितलं. मीही बघितलं.

"सांगितली असेल ना मी," तो पुटपुटला.

"बावीस मिनिटांत नाही."

"नऊ ते अकरा."

तिने ते घातलं, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे ठसठशीत अक्षरांत मजकूर उतरवला, नोटीस काढून त्याच्याशी शब्द न् शब्द ताडून पाहिला, आणि पान त्याच्या हातात दिलं. उरलेल्या सोळांपैकी पंधरा साधनं त्याच्या फोनमधून काढून टाकली. गाण्याचं सतरावं त्याने ठेवू दे म्हणून हात जोडले, ते राहिलं. आंघोळीच्या वेळी तो ते अजून वाजवतो.

आणि सोमवारी सकाळी सात वाजता नऊ भोंगे खरखरले. "मी चिंग-प्याओ. उद्या मंगळवारी, सकाळी नऊ ते अकरा, समाजमंदिरात फ्लूची लस. आरोग्यपत्रिका आणा. आणि आणखी एक, माझ्या आई—"

खट्. भोंगे बंद.

बाजारात भाजीवाल्या हात थांबवून खांबाकडे बघत राहिल्या. अकरा सेकंद! चिंग-प्याओ! तेही शब्द अर्धवट तोडून! कुत्रीसुद्धा, जी पहिल्या पाच मिनिटांनंतर ओरडायला लागायची, ती अवघडून बसली. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे. वाचा गेली, तोंड वाकडं, मागची खोली, यंत्र.

पुढचे चार दिवस त्या घरावर कोंबडीच्या सुपाचा हल्ला झाला. प्रत्येक बाई भांडं घेऊन यायची आणि झाकण शिउ-लुआनच्या हातात देता देता मान लांब करून मागच्या खोलीत डोकवायची. "कसे आहेत?" "बरे आहेत." "बोलतात?" "तिखट घालू का?" यावरून लोकांनी काय समजायचं? चिंग-प्याओ आतून ओरडला असता, पण त्याच्या तोंडात बायकांनी आणलेली कोंबडी असायची.

त्याची पंचाईत मोठी होती. गप्प राहिला तर लोक म्हणणार, मुक्याला मत कशाला? आणि वाचा शाबूत आहे हे दाखवायला माइकवर तासभर बोलला, तर लोक म्हणणार, पेइ-शान बरी.

"मी नुसता एकदा हवेबद्दल बोलतो," तो गयावया करायचा.

"सभा आहे ना शनिवारी. तिथे बोल. पानावरचं."

शनिवारी समाजमंदिर गच्च भरलं. मत देणारे कमी, तोंड बघायला आलेले जास्त. मी डाव्या बाजूची खुर्ची पकडली होती, उघडच आहे. पेइ-शान आधी बोलली, चार मिनिटं, नीटस. मग चिंग-प्याओ चढला. समोरच्या रांगेत शिउ-लुआन, हाताची घडी. त्याने माइक धरला आणि त्याचा चेहरा असा फुलला की आम्ही सगळ्यांनी रात्रीच्या जेवणाची आशा सोडली.

त्याने बायकोकडे बघितलं. घाम पुसला. पान काढलं.

"मी च्येन चिंग-प्याओ. तीन कामं राहिलीत. देवळामागचं गटार. तिसऱ्या गल्लीतले दिवे. दवाखान्याच्या बसला आपल्याकडे थांबा. नवमीला पाण्याचं चुकलं, ते माझं चुकलं. एवढंच."

आणि बसला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, बोलतोय की!" दुसरी एक म्हणाली, "तोंड पण सरळ आहे!" आणि ज्या टाळ्या पडल्या, त्या भाषणापेक्षा लांब चालल्या. माझ्याकडे दोन-तीन जणांनी वळून बघितलं. मी बुटाची नाडी बांधत होतो.

नोव्हेंबरच्या शेवटी मतमोजणीत एकेक मत उंच धरून, ओरडून सांगून भिंतीवरच्या कागदावर रेघा ओढल्या गेल्या. चारशे बारा विरुद्ध चारशे पाच. चिंग-प्याओ सात मतांनी आला. पेइ-शानने येऊन हात मिळवला आणि हळूच विचारलं, "काका, साधन कुठलं वापरता हो?"

"तूदीगोंगने निवडून दिलेलं," तो छाती काढून म्हणाला. त्याच्या मागे शिउ-लुआन लोकांना सोयाचं दूध वाटत होती. तिचे त्या दिवसाचे शब्द संपले असावेत.

मात्र ही गोष्ट अजून कोणी विचारली की वाचा जाण्याबद्दल नाना तऱ्हा ऐकायला मिळतात, म्हणून लिहून ठेवतो. चिंग-प्याओला काहीही झालेलं नव्हतं. आवाज त्याचाच होता. पानावरचं वाचून झाल्यावर तो आईच्या लेपाचं सांगायला लागला, म्हणून शिउ-लुआनने माइकचं बटण बंद केलं.